वाचक विचारतात: थीम पार्कातून आता आणायचं तरी काय?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की थीम पार्कांच्या दुकानांमधे आता शिरावंसंच वाटत नाही, सगळीकडे एकच माल. त्यावर एवढी पत्रं आलीत की या वेळचं सदर पूर्ण त्यालाच दिलंय. काही पत्रं लांबलचक होती, ती थोडी कापलीत, राग मानू नका.

प्रश्न: ताई, आम्ही बऱ्याच वर्षांनी त्याच रिसॉर्टला परत गेलो. नाव लिहीत नाही पण मोठं आहे. पूर्वी प्रत्येक हॉटेलचं दुकान वेगळं असायचं, हॉटेलच्या नावाचा टॉवेल, मग, टोपी, आणि पार्कात प्रत्येक भागात वेगळं काहीतरी मिळायचं. या वेळी चार हॉटेलं पालथी घातली, सगळीकडे तेच टीशर्ट, तीच कीचेन. आमचं वय झालं म्हणून असं वाटतंय की खरंच बदललंय?

वय वगैरे काही नाही हो, खरंच बदललंय. फक्त एका रात्रीत नाही बदललं, हळूहळू चाललं होतं, म्हणून मधे गॅप पडला की एकदम डोळ्यात भरतं.

जरा मागून सांगते. १९५५ मधे कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं तेव्हा कंपनीकडे पैशाची ओढाताण होती, त्यामुळे मेन स्ट्रीट या प्रवेशाजवळच्या रस्त्यावरचे बरेच गाळे बाहेरच्या धंदेवाल्यांना भाड्याने दिलेले. आणि मग तिथे काय काय होतं बघा, अपजॉन या औषध कंपनीने जुन्या थाटाचं औषधांचं दुकान मांडलं होतं आणि व्हिटॅमिनच्या गोळ्यांच्या इवल्याशा बाटल्या फुकट वाटायचे, आणि चक्क बायकांच्या अंतर्वस्त्रांचं एक दुकान होतं, मिकी माऊसच्या पार्कात! ते अर्थातच चाललं नाही, काही महिन्यांत गुंडाळलं. पण प्रत्येक गाळ्याचा मालक वेगळा म्हणून माल वेगळा, आणि प्रत्येकाचं डोकंही वेगळं चालायचं. १९६६ मधे न्यू ऑर्लिन्स स्क्वेअर झाला तिथे 'वन ऑफ अ काइंड' नावाचं दुकान आलं, त्यात खऱ्याखुऱ्या जुन्या वस्तू विकायला असायच्या. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या मॅजिक किंगडम या पार्कात लिबर्टी स्क्वेअर या भागात असंच अँटिकचं दुकान होतं. जादूच्या सामानाची दुकानं होती, डिस्नेलँडच्या मर्लिनच्या दुकानात तर स्टीव्ह मार्टिन पोरसवदा वयात काउंटरमागे उभा राहून गिऱ्हाइकांना जादू करून दाखवायचा, पुढे तो केवढा मोठा विनोदी नट झाला ते माहितीये. अशा दुकानात काही न घेताही माणसं रमायची, आणि रमली की निघताना काहीतरी घ्यायचीच.

मग हे गेलं कसं? एक तर भाड्याचे गाळे हळूहळू कंपनीने स्वतःकडे घेतले. दुसरं, १९८७ मधे डिस्नेने कॅलिफोर्नियात ग्लेनडेलच्या मॉलमधे पहिलं डिस्ने स्टोअर काढलं आणि तो धंदा असा चालला की एकामागून एक मॉलमधे दुकानं निघत गेली. ती स्टोअर्स सांभाळणारे पॉल प्रेसलर १९९४ मधे डिस्नेलँडचे प्रमुख झाले, आणि जुने चाहते आजही त्या काळाच्या नावाने बोटं मोडतात की तेव्हापासून पार्कातलं दुकान आणि मॉलमधलं दुकान यातला फरकच संपला. सगळं एका माणसाच्या माथी मारणं मला पटत नाही, कारण असंच बाकी सगळ्या रिटेलमधेही चाललं होतं, पण तारखा बघितल्या की चाहते का चिडतात ते कळतं. मॅजिक किंगडममधलं जादूचं दुकान १९९५ मधे बंद, अँटिकचं १९९६ मधे, डिस्नेलँडचं वन ऑफ अ काइंडही नव्वदच्याच दशकात गेलं, आणि २००१ मधे मॅजिक किंगडमच्या मेन स्ट्रीटमधली एका बाजूची छोटी गल्ली बुजवून ती जागा एम्पोरियम या मोठ्या दुकानात घेतली. म्हणजे रस्त्याचाच तुकडा दुकान झाला!

आता तुमच्या हॉटेलच्या टॉवेलचं. हॉटेलच्या नावाचा शर्ट छापला की तो त्याच हॉटेलात खपवावा लागतो. कारखाना थोडेथोडके शर्ट करून देत नाही, त्यात लहान मोठे सगळे साइज आले, एखादा साइज उरला की उरलाच, शेजारच्या हॉटेलात नेऊन विकता येत नाही. मग तो माल सेलमधे काढायचा, ऑर्लँडोच्या आउटलेट मॉलांमधे डिस्नेची 'कॅरेक्टर वेअरहाउस' म्हणून दुकानं आहेत तिथे असा उरलासुरला माल निम्म्याहून कमी किमतीतही बघायला मिळतो. त्यापेक्षा शर्टावर नुसतं 'डिस्ने पार्क्स' लिहिलं की तोच शर्ट कॅलिफोर्नियात चालतो, फ्लोरिडात चालतो, वेबसाइटवर चालतो, कुठेही वळवा. खरेदी करणाऱ्या ऑफिसातल्या माणसाच्या खुर्चीत बसून बघितलं तर तो चुकतोय असं म्हणता येत नाही. फक्त त्याच्या टेबलावरच्या आकड्यांमधे एक गोष्ट कुठेच दिसत नाही, की तुम्ही चार दुकानं फिरून रिकाम्या हाताने बाहेर पडलात. न विकलेल्या शर्टाचा हिशेब लागतो, न घेणाऱ्या गिऱ्हाइकाचा लागत नाही.

आणि एक माझा अंदाज, पटला तर घ्या. २००८ मधे अमेरिकन एअरलाइन्सने देशांतर्गत विमानात चेक-इनच्या पहिल्या बॅगेचेही पैसे घ्यायला सुरुवात केली आणि बाकीच्या बऱ्याच कंपन्या मागोमाग आल्या. तेव्हापासून जड, फुटकी, अवघड वस्तू कोण घेणार? घडी होईल ते घ्या, चपटं असेल ते घ्या. म्हणजे परत टीशर्टच!

प्रश्न: पण लिमिटेड एडिशनचं काय? पिन्स आहेत, पॉपकॉर्नचे डबे आहेत, दर महिन्याला नवीन काहीतरी येतंय. मला तर उलट वाटतं की पूर्वीपेक्षा आता जास्त 'युनिक' मिळतं.

संख्येने बघाल तर तुमचं बरोबर आहे, पण थोडा घोळ आहे यात. पूर्वी वस्तू बघितली की कळायचं ती कुठली आहे. आताची वस्तू सांगते ती कधीची आहे. जागेचं वेगळेपण गेलं आणि त्याच्या जागी तारखेचं वेगळेपण आलं, आणि तारीख तयार करायला काही लागत नाही, एक फेस्टिव्हल जाहीर केला की झालं.

पिन ट्रेडिंगच घ्या ना, म्हणजे कपड्यावर लावायच्या छोट्या बिल्ल्यांची अदलाबदल. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या रिसॉर्टमधे ते १९९९ मधे मिलेनियमच्या सेलिब्रेशनबरोबर सुरू झालं, आणि कल्पना खरंच छान होती, कर्मचाऱ्याच्या गळ्यातल्या पट्ट्यावरची पिन तुमच्याकडच्या पिनशी बदलायची, त्यात बोलणं व्हायचं, सौदा व्हायचा, लहान मुलं धीट व्हायची. मग लिमिटेड एडिशन आल्या, मग गठ्ठ्याने विकल्या जाणाऱ्या बनावट पिन आल्या, आता पट्ट्यावरची पिन खरी की खोटी हे ओळखायचा वेगळा अभ्यास करणारे लोक आहेत.

पॉपकॉर्नचा डबा म्हणालात म्हणून सांगते, जानेवारी २०२२ मधे त्याच वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधल्या एपकॉट या पार्काच्या आर्ट्स फेस्टिव्हलला फिगमेंट या जांभळ्या ड्रॅगनच्या आकाराचा डबा आला, किंमत २५ डॉलर, आणि लोक त्यासाठी कित्येक तास रांगेत उभे होते. प्लास्टिकच्या डब्यासाठी! त्याच दिवसांत ऑनलाइन तोच डबा शेकडो डॉलरला लावलेला. आता यातही एक गंमत आहे जी टीका करणारे विसरतात. फिगमेंट हे पात्र एपकॉटचंच, तिथल्याच इमॅजिनेशनच्या राइडमधून १९८३ मधे आलेलं, ते कुठल्या सिनेमातून उचललेलं नाही. म्हणजे लोक नुसत्या 'लिमिटेड'साठी उभे नव्हते, त्या जागेचं स्वतःचं काहीतरी मिळतंय म्हणून उभे होते, आणि असं मिळायची वेळ वर्षानुवर्षं येत नाही म्हणून एवढी झुंबड उडाली. मला तरी ती रांग म्हणजे गिऱ्हाइकांनी दिलेला फीडबॅकच वाटतो.

शांघायचं आणखी पुढचं. सप्टेंबर २०२१ मधे तिथल्या डिस्ने रिसॉर्टने लीनाबेल नावाची गुलाबी कोल्ही आणली, ना सिनेमा ना सिरीयल, नुसतं पात्र, आणि दुकानांतला माल संपला. दलालांनी भाव चढवले, त्याच डिसेंबरात ख्रिसमसच्या बाहुल्यांसाठी मध्यरात्रीपासून थंडीत रांगा लागल्या. वस्तू त्या जागेचीच होती यात वाद नाही, पण आपल्या मुलीला ती दुकानात जाऊन सहज घेता आली नाही तर त्या वेगळेपणाचा तुम्हाला उपयोग काय?

प्रश्न: हॉटेलातल्या मिकीच्या साबणाच्या वड्या, शांपूच्या छोट्या बाटल्या, लेटरहेड, पोस्टकार्ड हे सगळं आम्ही घरी आणायचो. आता बाथरूममधे भिंतीला मोठ्या बाटल्या ठोकलेल्या असतात. हा कंजूसपणा नाही का?

थोडा कंजूसपणा, थोडा कायदा. कॅलिफोर्नियात ५० पेक्षा जास्त खोल्यांच्या हॉटेलांना १ जानेवारी २०२३ पासून छोट्या प्लास्टिकच्या बाटल्या द्यायला बंदीच आहे आणि प्लास्टिकचा कचरा बघता मी त्याच्या बाजूने आहे. पण फ्लोरिडात कुठल्या कायद्याने सक्ती केली नव्हती, तिथे बचत झाली ती कंपनीची. आणि फुकटातल्या आठवणी एकेक करून गेल्याच आहेत. वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या हॉटेलात राहणाऱ्यांना मॅजिकबँड, म्हणजे खोलीची किल्ली आणि तिकीट म्हणून चालणारा मनगटी पट्टा, फुकट मिळायचा तो २०२१ पासून बंद, आता हवा तर विकत घ्या. विमानतळावरून नेणाऱ्या बसचे पिवळे लगेज टॅग घरी पोस्टाने यायचे, ती बसच २०२२ च्या सुरुवातीला बंद झाली. कितीतरी घरांत ते टॅग अजून जपून ठेवलेत म्हणे, आणि खरं सांगू का, मला त्यात काही वेडेपणा वाटत नाही. ड्रिंक भरून घ्यायच्या मगचं तेच, एकेकाळी हॉटेलागणिक वेगळा असायचा, नंतर सगळ्या हॉटेलांत एकच डिझाइन.

प्रश्न: माझ्याकडे मशीनमधे दाबलेल्या पेनीचा, म्हणजे एक सेंटच्या नाण्यांचा, अल्बम आहे. आता अमेरिकेने पेनी पाडणंच बंद केलंय, मग ही मशीन पण जाणार का?

छंद मस्त आहे तुमचा! पेनी दाबून त्यावर चित्र उमटवायची रीत १८९२-९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनापासूनची, म्हणजे पहिलं डिस्नेलँड व्हायच्या साठ वर्षं आधीची. अमेरिकेच्या टांकसाळीने चलनातली शेवटची पेनी १२ नोव्हेंबर २०२५ ला फिलाडेल्फियात पाडली, पण जुन्या पेनी चलनात आहेतच आणि अब्जावधी आहेत, त्यामुळे एवढ्यात काळजी नको. शिवाय बऱ्याच पार्कांत मशीनच्या पोटातच कोऱ्या चकत्या भरलेल्या असतात, तुम्ही कार्ड लावायचं, चकती आपोआप दाबून येते. मशीन टिकेल, पण मजा गेली त्यातली. स्वतःच्या खिशातली पेनी काढून, हँडल फिरवून, ती चपटी होताना बघणं यातच तर सगळं होतं.

हँडलवालं मशीन सापडलं तर १९८२ च्या आधीची पेनी घेऊन जा. त्या जवळजवळ तांब्याच्याच असायच्या, नंतरच्यांमधे आत जस्त आणि वरून तांब्याचा पातळ मुलामा, त्यामुळे दाबल्यावर राखाडी रेघा दिसतात. हे तुम्हाला माहिती असेलच, बाकीच्यांसाठी लिहिलं.

आणि हा छंद असेल तर मोल्ड-अ-रामाची मशीनंही शोधा. १९६२ च्या सिएटलच्या प्रदर्शनात ती गाजली, पैसे टाकले की दोन साचे एकत्र येतात, गरम प्लास्टिक आत जातं आणि डोळ्यांदेखत एक पोकळ प्राणी बाहेर पडतो, हाताला कोमट लागतो आणि वास असा येतो की विसरणं शक्य नाही. अमेरिकेतल्या काही प्राणिसंग्रहालयांत आणि म्युझियममधे अजून चालू आहेत. थीम पार्क रिसॉर्टवाल्यांनी हे परत का आणू नये ते मला कळत नाही. प्रत्येक हॉटेलच्या लॉबीत एक साचा ठेवा, उरलेल्या मालाचा प्रश्नच नाही, मागितलं तेव्हाच वस्तू बनते!

प्रश्न: सगळीकडे असंच आहे का? की काही पार्क अजून बरे आहेत? आम्हाला पुढच्या वर्षी जायचंय, कुठे काय बघावं ते सांगा.

सगळीकडे नाही. सगळ्यात आधी अमेरिकेतली दोन नावं घेते जी मोठ्या कंपन्यांच्या गडबडीत मागे पडतात. मिझुरीतल्या ब्रॅन्सनचं सिल्व्हर डॉलर सिटी, १९६० पासून चालू आहे, तिथे लोहार, काचकाम करणारे, लाकडावर कोरणारे कारागीर पार्कातच काम करतात आणि तीच वस्तू विकतात. टेनेसीतलं डॉलीवूड, तिथेही क्राफ्ट्समन्स व्हॅली म्हणून पूर्ण भाग कारागिरांचा. यांची वस्तू दुसरीकडे मिळत नाही कारण ती बनवणारा माणूस तिथे बसलाय, यापेक्षा साधं कारण कुठलं असणार. दुकानातली बाकीची फडताळं तिथेही टीशर्टनेच भरलेली असतात, तो भ्रम नको.

डिस्नेची स्पर्धक कंपनी युनिव्हर्सल, तिच्या पार्कांचं थोडं मधलं आहे. २०१० मधे ऑर्लँडोत हॅरी पॉटरचा भाग उघडला तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले, दुकान हीच राइड झाली, जादूची छडी विकत घेणं हाच कार्यक्रम. त्या भागात कोकसुद्धा विकत नव्हते, हॅरी पॉटरच्या गोष्टीतलं बटरबिअर हे पेय प्या म्हणाले. आणि खपलं, भरपूर खपलं. मग तेच ओसाकात झालं, हॉलिवूडमधे झालं, छड्या ऑनलाइन आल्या, म्हणजे अजून चांगली वस्तू आहे पण तिथलीच म्हणावी अशी राहिली नाही. डिस्नेने तो धडा घेऊन २०१९ मधे स्टार वॉर्सचं गॅलक्सीज एज काढलं, तिथे स्वतःच्या हाताने लाइटसेबर, म्हणजे त्या सिनेमातली प्रकाशाची तलवार, जुळवायची, सुरुवातीला किंमत २०० डॉलर, ज्याला परवडतं त्याने घ्यावी, भाग जुळवण्याचा तो सोहळा बाकी झकास आहे. कोकच्या बाटल्याही तिथे गोल, बॉम्बसारख्या दिसणाऱ्या, इतक्या की अमेरिकेच्या विमानतळ सुरक्षावाल्यांनी आधी त्यांना बंदी घातली आणि मग आठवड्याच्या आत माघार घेतली. मला विचाराल तर अलीकडचं सगळ्यात हुशार सुवेनिर तेच, कोकची रिकामी बाटली!

एपकॉटला जाणार असाल तर तिथे वेगवेगळ्या देशांची पॅव्हेलियन आहेत, त्यातल्या जपानच्या पॅव्हेलियनमधलं मित्सुकोशीचं दुकान चुकवू नका. १९८२ पासून तिथे आहे आणि ते खरोखरच त्या जुन्या जपानी दुकानवाल्यांकडे आहे, त्यामुळे माल त्यांच्या मनाचा असतो, डिस्नेच्या गोदामातला नाही. नॉर्वेच्या पॅव्हेलियनकडून मात्र जपून आशा ठेवा, जुनी बोटीची राइड २०१४ मधे बंद करून २०१६ मधे फ्रोझनची आणली, आणि मग दुकानातही त्या सिनेमातली एल्साच जास्त. अॅनिमल किंगडम लॉज या हॉटेलच्या झवाडी मार्केटप्लेस या दुकानात आफ्रिकी हस्तकला बघायला मिळते. आणि पॉलिनेशियन हॉटेलातल्या ट्रेडर सॅम्स या छोट्या बारचे टिकी मग, म्हणजे पॉलिनेशियन मूर्तींच्या आकाराचे मग, ते पेयासकट घ्यावे लागतात, पण त्या बारचेच असतात.

टोकियो डिस्नेचं काही वेगळंच आहे. ते ओरिएंटल लँड ही जपानी कंपनी चालवते, डिस्ने फक्त लायसन्स देतं, त्यामुळे मालाचे निर्णय तिथेच होतात. शिवाय जपानात फिरून आलं की ऑफिसात, शेजारी सगळ्यांना खाऊ न्यायचाच असतो, म्हणून बिस्किटांचे पत्र्याचे डबे इतके देखणे करतात की खाऊ संपला तरी डबा टाकवत नाही. डफी अस्वल ऐकलंय ना? ते मूळचं फ्लोरिडाचं, २००२ मधे साधं 'डिस्ने बेअर' म्हणून आलं आणि कोणी विचारलं नाही. २००५ मधे टोकियो डिस्नेसीने त्याला नाव दिलं, गोष्ट दिली, आणि फक्त त्या पार्कात विकलं, लोक अक्षरशः वेडे झाले. अस्वल तेच होतं हो.

प्रश्न: नवरा म्हणतो फोटो काढलेत ना मोबाइलवर, पुरे झालं, वस्तू कशाला. तुमचं मत?

नवऱ्याचं अर्धं बरोबर आहे, गोदामातल्या कीचेनपेक्षा फोटो बराच. पण मुलांसाठी एक तरी वस्तू अशी घ्या की जी तुमच्यासमोर तुमच्यासाठी झाली. मिकीच्या कानांच्या टोपीवर मागे नाव शिवून देतात ती सगळ्यात जुनी आणि अजून टिकून असलेली गोष्ट, आरिबास ब्रदर्सच्या काचेच्या दुकानात अक्षरं कोरून मिळतात, ते लोक १९६७ पासून डिस्नेलँडमधे आहेत. नाव शिवायचं असेल तर सकाळीच टोपी घ्या, रात्री आतषबाजी संपल्यावर त्या काउंटरला जी गर्दी होते ती बघून नवरा परत तेच म्हणेल.

प्रश्न: घरात नव्वदच्या दशकातले हॉटेलच्या नावाचे दोन मग आणि एक टॉवेल आहे. विकावे का, काही किंमत येते का?

मगना गिऱ्हाईक मिळतं, टॉवेलला फारसं नाही, वापरून विरलेला असेल तर सोडाच. ऑनलाइन बघताना लोकांनी काय भाव लावलाय ते बघू नका, प्रत्यक्षात कितीला विकला गेला ते बघा, त्यात जमीन अस्मानाचा फरक असतो. फोटोत हॉटेलचं नाव, तळाचा शिक्का आणि असलेला टवका हे तिन्ही स्पष्ट दाखवा. आणि तोपर्यंत डिशवॉशरमधे अजिबात घालू नका, छपाई निघाली की नुसता मग उरतो.